आईच्या बीपी मशीनचं मेडिकेअर बिल: नवा नियम आला तर वाढणार का?

सदाफुली · ५ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी, हा प्रश्न अमेरिकेत ज्यांचे आईवडील मेडिकेअरवर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) आहेत त्यांच्यासाठी आहे, बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल.

आई ७४ वर्षांची, आमच्याकडे न्यू जर्सीत असते. बाबांच्या नोकरीची ४० क्वार्टर्स (म्हणजे दहा वर्षं) भरली होती म्हणून तिला साधं मेडिकेअर ए (हॉस्पिटलचं) आणि बी (डॉक्टरांचं) मिळालं, वरचं मेडिगॅप, म्हणजे आपला वाटा भरणारा खासगी विमा, घेतलेलं नाही (घ्यायला हवं होतं, माहितीय, घरात तो विषय निघाला की भांडण होतं). गेल्या वर्षी तिचं बीपी फार वरखाली व्हायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी एक मशीन घरी दिलं, दंडाला लावून बटण दाबलं की आकडे आपोआप क्लिनिकला जातात, आणि तिथली नर्स महिन्यातून एकदा फोन करते. ह्याला आरपीएम (रिमोट पेशंट मॉनिटरिंग) म्हणतात हे मला पहिलं बिल आल्यावर कळलं. आमच्या वाट्याला महिन्याला साधारण १८ डॉलर येतात.

आता गंमत अशी की एप्रिलमध्ये आई तीन आठवडे बहिणीकडे जाऊन राहिली आणि मशीन इथेच विसरली, तर त्या महिन्याचं बिल जवळपास निम्मंच आलं. मी फोन करून विचारलं तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली सोळा दिवस रीडिंग झाली नाहीत म्हणून. बरं. आणि परवा कुठेतरी वाचलं की मेडिकेअर नवीन नियम आणतंय, जानेवारीपासून दोनच दिवस मोजलं तरी पैसे लागणार. आई काही फार नियमाने मोजत नाही हो, कधी वीस दिवस तर कधी आठ. म्हणजे आता न मोजल्याचेही पैसे भरायचे का? हे बंदच करून टाकावं का? कुणाला नीट माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, मी त्या सरकारी साइटवर गेले होते आणि पाचव्या मिनिटाला परत आले.

---

खातेवही · ५ ऑगस्ट २०२५

मी एका लहान प्रायमरी केअर क्लिनिकचं बिलिंग बघते, त्यामुळे हे सोळा दिवसांचं प्रकरण माझ्या रोजच्या डोकेदुखीचं आहे, सांगते.

तुमच्या आईच्या बिलात दोन वेगळे कोड (बिलात सेवेला लावायचे नंबर) असणार. एक ९९४५४, हा मशीनचा आणि आकडे पोचवण्याचा, तो तीस दिवसांत किमान सोळा दिवस रीडिंग आली तरच लावता येतो. दुसरा ९९४५७, हा माणसांच्या वेळेचा, एका कॅलेंडर महिन्यात किमान वीस मिनिटं काम आणि त्यात पेशंटशी एकदा तरी प्रत्यक्ष बोलणं, फोन किंवा व्हिडिओ, नुसता मेसेज चालत नाही. ह्या वर्षी पहिल्याचे साधारण ४३ आणि दुसऱ्याचे साधारण ४८ डॉलर मेडिकेअर धरतं (भागागणिक थोडं कमीजास्त), एकूण ९१, त्यातले २० टक्के तुमचे, हे झाले तुमचे १८. एप्रिलमध्ये ९९४५४ गेला, ९९४५७ राहिला, म्हणून निम्मं. तुमच्या क्लिनिकने बरोबर केलंय, सगळीकडे असं होत नाही.

आता नवीन काय ते. १४ जुलैला सीएमएसने, म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२६ च्या फिजिशियन फी शेड्यूलचा (डॉक्टरांच्या दरांची यादी) मसुदा काढला, त्यात दोन नवे कोड आहेत. ९९४४५ हा मशीनचाच, पण २ ते १५ दिवस रीडिंग आली तर लावायचा. आणि ९९४७० हा वेळेचा, पण वीसऐवजी पहिल्या दहा मिनिटांचा. जुने दोन्ही तसेच राहतात. एकाच महिन्यात मशीनचा एकच कोड, ९९४४५ नाहीतर ९९४५४, दोन्ही एकदम नाही, वेळेचंही तसंच. आणि खरी मेख इथे आहे, मसुद्यात ९९४४५ ला ९९४५४ एवढाच दर धरलाय, म्हणजे दोन दिवस मोजा की तीस दिवस, मशीनचे पैसे सारखेच. त्यांचं लॉजिक असं की मशीन तर पेशंटच्या घरी तेवढेच दिवस पडून असतं, त्याचा खर्च कमी होत नाही. दहा मिनिटांचा कोड मात्र वीसच्या साधारण निम्म्या किमतीचा आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, आई ज्या महिन्यात आठ दिवस मोजते त्या महिन्यात आत्ता मशीनचे पैसे लागत नाहीत, मसुदा जसाच्या तसा पास झाला तर लागतील. शून्य किंवा एकच दिवस मोजलं तर नाही. दुसरीकडे ज्या महिन्यात नर्सचं काम दहा-बारा मिनिटांतच उरकतं तिथे आत्ता क्लिनिकला वेळेचं काहीच मिळत नाही, तिथेही पुढे वेळेचं निम्मं बिल लागू शकेल.

अजून काही पक्कं नाही, १२ सप्टेंबरपर्यंत लोकांच्या हरकती-सूचना घेतायत, अंतिम नियम साधारण नोव्हेंबरच्या सुमारास येतो.

---

शंकासुर · ६ ऑगस्ट २०२५

बंद करा असं माझं स्पष्ट मत. सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

वडिलांना दोन वर्षांपूर्वी एक फोन आला, तुमच्या डॉक्टरांच्या ऑफिसमधून बोलतोय, मेडिकेअरकडून फुकट बीपी मशीन आहे, फक्त कार्डावरचा नंबर सांगा. वडील साधा माणूस, सांगितला. खोकं आलं, ते न उघडता कपाटावर ठेवलं, आणि मी दिवाळीत गेलो तेव्हा मेडिकेअरच्या साइटवर त्यांचं खातं उघडून बघितलं तर चार महिने बिल लागलेलं, तेही अशा डॉक्टरच्या नावाने ज्याचं तोंडही ह्यांनी पाहिलेलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार केलीय.

आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने, ओआयजी म्हणतात ते, नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्याच प्रकाराबद्दल लोकांना जाहीर सावध केलंय. नंतर सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला, २०१९ मध्ये आरपीएम घेणारे मेडिकेअरचे लोक होते साधारण ५५ हजार, २०२२ मध्ये ५ लाख ७० हजार, पैसे दीड कोटी डॉलरवरून ३१ कोटींवर. आणि त्यातल्या साधारण ४३ टक्के लोकांना मशीन लावून शिकवणं, आकडे येणं आणि त्यावर उपचार ह्या तीनपैकी एखादी तरी गोष्ट मिळालेलीच नाही. तीन गोष्टी मिळून ही एक सेवा, आणि शंभरातल्या त्रेचाळीस जणांना अर्धवट. सोळा दिवसांचं निदान कुंपण तरी होतं, आता तेही दोन दिवसांवर आणतायत म्हणजे मोकळं रान.

---

खातेवही · ६ ऑगस्ट २०२५

@शंकासुर तुमच्या वडिलांबाबत झालं ते वाईटच, पण त्यावर सोळा दिवसांचं कुंपण काय कामाचं होतं सांगा ना. खोकं उघडलंच नाही म्हणजे रीडिंग शून्य, तरी बिल लागलं. ज्याला खोटंच लावायचंय तो दिवस मोजत बसत नाही. दिवस मोजतो आमच्यासारखा माणूस, पंधराव्या दिवशी पेशंट ॲडमिट झाला की सगळ्या महिन्याच्या मशीनवर पाणी. मशीनची कंपनी आमच्याकडून दर मशीनमागे भाडं घेतेच, तिला मेडिकेअरने पैसे दिले की नाही ह्याच्याशी देणंघेणं नाही.

४३ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, फक्त त्यातले सगळे लबाड असं ओआयजीनेही म्हटलेलं नाही, प्रश्न उपस्थित होतात असं म्हटलंय. पेशंटने मशीन घेतलं आणि वापरलंच नाही तरी तो त्याच आकड्यात येतो.

---

रातपाळी · ७ ऑगस्ट २०२५

नर्स आहे, हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं रिमोट मॉनिटरिंग हेच काम, म्हणून थोडं आतलं लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

सोळा हा आकडा कुठल्या आजाराच्या अभ्यासातून आलाय असं मला कामात कधीच जाणवलं नाही. बीपीची गोळी बदलली की मला पहिल्या आठवड्या-दहा दिवसांचे आकडे हवे असतात, नंतरचे वीस दिवस तेच तेच. हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या माणसाचं वजन तर पहिल्या काही दिवसांतच सगळं सांगतं, एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं की पाणी साठतंय समजायचं आणि फोन उचलायचा. बरेचदा गोळीचा डोस त्याच दिवशी बदलतो आणि माणूस परत इमर्जन्सीत जायचा वाचतो, आणि मग अकराव्या दिवशी तो म्हणतो ताई आता बरं वाटतंय, काटा परत घेऊन जा. हे काम सगळ्यात उपयोगाचं, आणि ह्याचेच मशीनचे पैसे मिळत नव्हते. कोविडच्या काळात कोविडच्या किंवा संशयित पेशंटसाठी दोन दिवसांची सूट होती, ती आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली तशी सूटही गेली, म्हणजे दोन दिवसांवर चालतं हे त्यांना तेव्हाच दिसलेलं होतं.

दुसरं, वीस मिनिटांचं. महिन्याची २९ तारीख, पेशंटच्या नावावर चौदा मिनिटं झालीयत, आता काय करायचं? एकतर ती चौदा मिनिटं फुकट, नाहीतर सुपरवायझर म्हणते अगं एक फोन लावून बघ ना त्यांना, कसे आहेत विचार. मी लावलेत असे फोन, खोटं कशाला बोलू. गप्पा होतात, आजीला बरं वाटतं, पण त्या सहा मिनिटांची वैद्यकीय गरज होती का, तर दरवेळी नाही. दहा मिनिटांचा कोड आला तर हे शेवटच्या आठवड्यातलं तोंडदेखलं बोलणं बरंच कमी होईल असं मला वाटतं.

@सदाफुली बंद करायचं की नाही हे बिलावरून ठरवू नका. नर्सला विचारा की गेल्या सहा महिन्यांत आईच्या आकड्यांवरून काय बदललं? एखादी गोळी वाढवली, कमी केली, वेळ बदलली, काहीतरी. काहीच बदललं नसेल आणि बीपी स्थिर असेल तर डॉक्टरच म्हणतील की आता साधं मशीन घ्या आणि वहीत लिहा. मात्र वहीत लिहिलेले आकडे आरपीएममध्ये धरत नाहीत, मशीननेच पाठवावे लागतात, म्हणजे मग बिलही नाही.

---

घरचा_आहेर · ७ ऑगस्ट २०२५

आमच्याकडे उलटं आहे. सासऱ्यांना मशीन दिलं, ते दिवसातून अकरा वेळा मोजतात, आणि बातम्या बघताना मोजतात. क्लिनिकनेच फोन करून सांगितलं की काका कृपा करून टीव्ही बंद करून मोजा.

अकरा वेळा मोजलं तरी तो एकच दिवस धरतात ना? की जास्तीचे पैसे?

---

खातेवही · ७ ऑगस्ट २०२५

एकच दिवस. तारखा मोजतात, रीडिंग नाही. काकांना काही बक्षीस नाही.

---

सदाफुली · ८ ऑगस्ट २०२५

सगळ्यांचे आभार, पहिल्यांदाच हे नीट समजलं. रातपाळी तुम्ही सांगितलंत तसं विचारते.

एक मात्र खटकतंय. नियम सोपा केला तो क्लिनिकसाठी, चांगलंय, पण २० टक्के तर पेशंटच्याच खिशातून जाणार. जी बाई कमी मोजते ती बहुतेक कंटाळलेली असते किंवा तिला जमत नसतं, आणि नेमकं तिचंच बिल वाढणार. हे त्या हरकती-सूचनांमध्ये कुणी लिहितं का? मी लिहिलं तर वाचतील का?

आणि क्लिनिक ते २० टक्के सोडून देऊ शकतं का? आईच्या मैत्रिणीला एका कंपनीने सांगितलं की तुमचं काही लागणार नाही.

---

खातेवही · ८ ऑगस्ट २०२५

रेग्युलेशन्स डॉट गव्ह वर जाऊन कुणीही लिहू शकतं, नागरिक असायचीही गरज नाही. वाचतात, अंतिम नियमात मुद्दे घेऊन उत्तरं देतात, प्रत्येकाला वेगळं नाही पण मुद्द्याला देतात. तिथे बहुतेक डॉक्टरांच्या संघटना आणि मशीनच्या कंपन्याच लिहितात, पेशंटच्या घरचे फार कमी, त्यामुळे लिहाच. एक पान पुरे. तुमची एप्रिलची हकीकत लिहा, १८ चे ९ कसे झाले आणि नवीन नियमात ते कसे होणार नाहीत.

२० टक्के सरसकट माफ करणं चालत नाही, ते पेशंटला लाच दिल्यासारखं धरलं जातं. एखाद्याची परिस्थिती खरंच नसेल तर त्याची चौकशी करून, कागदावर आणून सोडता येतं. पण "तुमचं काही लागणार नाही" असं आधीच कुणी गोड बोलून सांगत असेल तर शंकासुर म्हणतात तसं दोन पावलं मागे सरकावं. अपवाद असा की ज्यांच्याकडे मेडिगॅप किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) आहे त्यांचे ते पैसे बहुतेकदा तिकडून जातात, तेव्हा खरंच लागत नाही.

आणि संमती. आरपीएम सुरू करताना पेशंटची संमती घेऊन नोंदवावी लागते, तोंडी चालते. त्यात पैसे लागतील हे सांगणंही आलं. आईला आठवतंय का कुणी विचारलेलं?

---

सदाफुली · ८ ऑगस्ट २०२५

आई म्हणते एक मुलगी काहीतरी इंग्लिशमध्ये वाचून दाखवत होती आणि मी यस यस म्हटलं.

---

शंकासुर · ८ ऑगस्ट २०२५

झालं. हीच ती संमती.

---

दूरदर्शी · ४ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतोय कारण आमच्या ग्रुपवर गोंधळ उडालाय. १ तारखेपासून सरकारचं शटडाउन आणि मेडिकेअरची टेलिहेल्थची सवलत ३० सप्टेंबरला संपली, त्यामुळे घरून व्हिडिओवर डॉक्टर बघणं बहुतेकांना बंद झालं असं म्हणतायत. मग ही बीपी मशीन पण बंद का?

---

रातपाळी · ४ ऑक्टोबर २०२५

नाही, मशीन चालू. दोन वेगळी खाती आहेत. टेलिहेल्थ म्हणजे समोरासमोरची भेट व्हिडिओवर घेणं, त्याला पेशंट कुठे बसलाय, खेड्यात की शहरात, असल्या जुन्या अटी कायद्यातच आहेत, त्या कोविडपासून तात्पुरत्या बाजूला ठेवल्या होत्या आणि ती मुदत संपली. रिमोट मॉनिटरिंग मेडिकेअरच्या त्या यादीत कधी नव्हतंच, ते मुळातच घरून होणारं काम, म्हणून त्याला त्या अटी नाहीत. आम्ही १ तारखेलाही नेहमीसारखेच फोन केले.

---

खातेवही · १८ नोव्हेंबर २०२५

अंतिम नियम ३१ ऑक्टोबरला आला, शटडाउन चालू असतानाच, मी इथे लिहायचंच विसरले. १ जानेवारी २०२६ पासून लागू. ९९४४५ आणि ९९४७० दोन्ही आले, दोन दिवसांच्या मशीनला सोळा दिवसांइतकाच दर ठेवलाय, म्हणजे आपण ऑगस्टमध्ये बोललो तेच. शिवाय सगळ्याच कोडना गुणायचा जो कन्व्हर्जन फॅक्टर असतो तो ३२.३५ वरून बहुतेक डॉक्टरांसाठी ३३.४० झाला, त्यामुळे दर तसेही थोडे हलतील.

पण सदाफुली, तुम्हाला ह्याहून महत्त्वाचं सांगायचं होतं ते जानेवारीबद्दल. पार्ट बीचं डिडक्टिबल २५७ वरून २८३ डॉलर होतंय. ते भरेपर्यंत २० टक्के नाही, पूर्ण रक्कम तुमची. जानेवारीत आई दुसरीकडे कुठे गेली नसेल आणि आरपीएमचंच बिल पहिलं पोचलं तर १८ ऐवजी शंभरच्या आसपास येईल, आणि तुम्ही म्हणाल की बघा नवीन नियमाने पाचपट केलं. तो नवीन नियम नाही, डिडक्टिबल आहे, दर जानेवारीत असंच होतं आणि दर फेब्रुवारीत मला लोकांच्या शिव्या बसतात.

---

शंकासुर · १९ नोव्हेंबर २०२५

ओआयजीचा नवीन आकडा पण लिहून ठेवतो, २०२४ मध्ये मेडिकेअरने आरपीएमवर ५० कोटी डॉलरहून जास्त दिले, साधारण १० लाख लोक. आता दोन दिवसांचा कोड आल्यावर पुढच्या वर्षी किती ते इथेच बघू.

---

घरचा_आहेर · १२ डिसेंबर २०२५

आमच्या सासऱ्यांचं मेडिकेअर ॲडव्हांटेज आहे, खासगी कंपनीचं. तिथे हेच नियम का? कारण एका मोठ्या विमा कंपनीने जाहीर केलं होतं म्हणे की १ जानेवारीपासून हार्ट फेल्युअर आणि गरोदरपणातलं बीपी एवढ्याचसाठी आरपीएम, साध्या बीपीला आणि डायबिटिसला नाही.

---

रातपाळी · १२ डिसेंबर २०२५

हो, जाहीर केलं होतं आणि ओरड झाल्यावर पुढे ढकललंय. रद्द नाही केलेलं. ॲडव्हांटेजवाल्यांना जे साध्या मेडिकेअरमध्ये मिळतं ते द्यावंच लागतं असं तत्त्व आहे, पण आधी परवानगी घ्या, ही कागदपत्रं द्या, अशी दारं ते लावू शकतात, आणि बघा ना कसं, सरकार एकीकडे दिवस कमी करून दार उघडतंय आणि ही मंडळी आजारांची यादी छोटी करून बंद करतायत. काकांच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारा, कोड नंबर सांगून विचारा, ९९४५४ आणि ९९४५७, नुसतं "बीपी मशीन" म्हटलंत तर ते दुकानातल्या मशीनचं उत्तर देतील.

---

सदाफुली · १५ डिसेंबर २०२५

अपडेट द्यायचं राहिलंच होतं. ऑगस्टमध्ये क्लिनिकला विचारलं की आकड्यांवरून काय बदललं. त्या नर्सने बरंच शोधलं आणि म्हणाली दोनदा गोळी वाढवलीय. मग तिनेच आईचा दंड मोजायला सांगितला आणि कळलं की कफ लहान होता, लहान कफने बीपी जास्तच दाखवतं. मोठा कफ पाठवला, आकडे खाली आले, एक गोळी परत कमी केली. म्हणजे आम्ही वर्षभर चुकीचे आकडे वेळेवर पाठवत होतो. ह्यावर हसावं की रडावं.

मी सूचना पण लिहिली, दीड पान झालं. अंतिम नियमात माझ्या मुद्द्याचं काही दिसलं नाही पण असो.

आई चालू ठेवणार म्हणते. आता क्लिनिक म्हणतंय की पाय थोडे सुजतायत तर वजनाचा काटा पण देतो, तोही आपोआप पाठवतो. खातेवही ताई, दोन मशीन म्हणजे मशीनचे डबल पैसे का?

---

खातेवही · १५ डिसेंबर २०२५

नाही. मशीन एक असो की चार, तीस दिवसांत मशीनचा कोड एकदाच, आणि तोही एकाच डॉक्टरला. उद्या कार्डिऑलॉजिस्टने वेगळं काही लावायला सांगितलं तर आधी प्रायमरीवाल्यांना कळवा, नाहीतर दोघं बिल लावतील, एकाचं परत येईल आणि फोन तुम्हाला येईल.

काटा घ्या. आणि तो गालिच्यावर ठेवू नका.